मीटर बंद, तरी परमिटवर २०.९ लिहून सही : मुलाला काय सांगू?

सुलभा_इंदूर | ७ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी आणि पाककृती यांच्याच धाग्यांवर असते. आज एका अडचणीत तुमचा सल्ला हवा आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा मुलगा केमिकल इंजिनिअर झाला आणि फेब्रुवारीपासून इंदूरजवळच्या औद्योगिक पट्ट्यात एका रसायनांच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून जातो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. घरूनच कंपनीच्या बसने जा-ये करतो. काल आषाढी एकादशी. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन बसला होता, पण घास उतरेना. खूप खोदून विचारलं तेव्हा बोलला.

"आई, परवा एक रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं बनतात ती बंद टाकी, आतून साफ करायला ठेकेदाराची दोन माणसं उतरवायची होती. उतरण्याआधी आतला ऑक्सिजन मोजून परमिटवर, म्हणजे उतरायच्या परवानगीच्या कागदावर, आकडा लिहायचा असतो. आमचा मीटर दीड महिना बंद आहे. सरांनी परमिट पुढे केलं आणि म्हणाले, २०.९ लिही, सही कर, रोज तेवढाच येतो."

त्याने आकडा लिहिला, सही केली. माणसं उतरली, दोन तासांनी धडधाकट वर आली. काही झालं नाही. पण त्या दोन तासांत हा त्या झाकणापासून हललाच नाही, पाणी प्यायलाही गेला नाही. आता पुढच्या आठवड्यात दुसरा रिअ‍ॅक्टर साफ व्हायचा आहे.

मी शाळेत शिकवलं, मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. पण गेले सहा महिने आम्ही इंदूरकर एकच बातमी वाचतोय. १ जानेवारीच्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा पीथमपूरला आला, आमच्यापासून जेमतेम तीस किलोमीटरवर. ३ जानेवारीला तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. गेल्या सोमवारी वाचलं की सगळा कचरा जाळून झाला. चाळीस वर्षांपूर्वी वायुगळती झाली त्या कारखान्याचा कचरा, आणि तो हलवायला नि जाळायला १२६ कोटी रुपये दिले सरकारने. म्हणजे आपण.

काल ही बातमी डोक्यात घोळत असतानाच मुलगा खिचडीची बशी सरकवून उठला, आणि माझ्या मनात आलं की भोपाळमध्येही असाच कुणीतरी एखाद्या कागदावर सही करत असेल. कुणी? आणि त्याला घरी कुणी काही विचारलं असेल का?

मुलाला काय सांगू? नोकरी सोड म्हणू? सही करू नकोस म्हणू? पहिलीच नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि त्याचे बाबा आता नाहीत.

---

सिंधूमावशी | ७ जुलै, रात्री ११:०५

सुलभा, पोराने तुला सांगितलं हेच मोठं आहे. त्याच्यावर रागावू नकोस. जाणकार सकाळी लिहितीलच.

---

नंदेसरीची_पाळी | ८ जुलै, सकाळी ६:५०

सुलभाताई, मी बडोद्याचा. नंदेसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत एकतीस वर्षं पाळ्या केल्या, त्यातली शेवटची बारा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. तुमची पोस्ट वाचून झोप लागली नाही, म्हणून पहाटेच बसलो लिहायला.

आधी मुलाच्या प्रश्नाचं. त्याला आजच्या आज सांगा की न मोजता २०.९ लिहायचं नाही. कधीच नाही. "रोज तेवढाच येतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. बाहेरच्या मोकळ्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो हे खरं, म्हणून तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण रिअ‍ॅक्टर साफ करण्याआधी बहुतेक ठिकाणी आत नायट्रोजन फिरवतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही. शरीराला कोंडल्यासारखं वाटतं ते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झालाय हे शरीराला कळतच नाही. भरपूर नायट्रोजन असलेल्या टाकीत माणूस दोन-चार श्वास घेतो आणि शिडीवरच गळून पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही तिथेच पडतो. अशा अपघातांत एकामागोमाग माणसं जातात ती बहुतेक वाचवायला गेलेली.

१९.५ च्या खाली आकडा आला तर कुणालाही आत सोडायचं नाही. पाइपलाइन नुसता वाल्व्ह बंद करून भागत नाही, पाइपच्या जोडात, फ्लँजमध्ये, ब्लाइंड म्हणजे वाट बंद करणारी चकती टाकायची, कारण वाल्व्ह गळतात. झाकणापाशी एक माणूस सतत उभा हवा. तुमचा मुलगा दोन तास तिथून हलला नाही म्हणालात. ताई, त्या पोराला कुणी शिकवलं नसताना त्याने ते केलं.

आता भोपाळचं. या आमच्या धंद्यात भोपाळ सगळ्यांना शिकवतात, पण बहुतेक वेळा एका रात्रीची गोष्ट म्हणून. ती तशी नाही. त्या रात्री सुटलं ते एमआयसी म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, कीटकनाशकासाठी लागणारं विषारी द्रव्य. ते ३९ अंशांना उकळतं आणि पाण्याशी भयंकर तापतं. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं असतं. टाकी क्रमांक ६१० मध्ये सुमारे चाळीस टन होतं. तिला थंड ठेवणारं यंत्र जून १९८४ पासून बंद होतं. वायू निघालाच तर तो कॉस्टिकने धुणारा स्क्रबर त्या रात्री उपयोगी पडला नाही. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून सुटत होता त्या उंचीपर्यंत ते पोचले नाहीत. एमआयसी विभागात पाळीला बारा माणसं असायची, ती सहावर आणली होती. रात्रपाळीचा देखभाल सुपरवायझर काढून टाकला होता.

यातली एकही गोष्ट २ डिसेंबरच्या रात्री घडलेली नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी दिवसाउजेडी, टेबलावर, खर्चाचा कागद पुढे ठेवून ठरवलेली आहे. नफा होत नव्हता, कीटकनाशकाचा खप पडला होता, मग कपात कुठे करायची? जिथे रोज काही होत नाही तिथे. थंड करणारं यंत्र बंद केलं, दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. सहा माणसं काढली, तेव्हाही काही झालं नाही. तुमच्या मुलाच्या सरांचं वाक्य आणि हे एकच आहे.

पाणी टाकीत कसं शिरलं यावर वाद आहे. पाइप धुताना ब्लाइंड न टाकल्याने पाणी उलटं गेलं असं एक म्हणणं. कंपनीचं म्हणणं की एका नाराज कामगाराने ते मुद्दाम घातलं. क्षणभर कंपनीचं खरं धरू. त्या कामगाराने थंड करणारं यंत्र बंद केलं होतं का? फ्लेअरचा पाइप त्याने काढला होता का? संकट आलं तर अडवायला ज्या भिंती बांधलेल्या होत्या त्या आधीच पाडलेल्या होत्या, आणि त्या पाडायचा अधिकार कामगाराला नव्हता.

मीही सह्या केल्यात. एकदा एक इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच काम आपोआप थांबवणारी यंत्रणा, बायपास करून पाळी काढली, वरून फोन आला म्हणून. बॅच पूर्ण झाली, दुसऱ्या दिवशी मिठाई वाटली. त्या रात्री काय होऊ शकलं असतं ते मला आता आठवतं, तेव्हा नाही आठवलं.

---

बरखेडा_भोपाळ | ८ जुलै, सकाळी ११:२०

मी आधी भोपाळची, लग्नानंतर इंदूर. वडील भेलच्या कारखान्यात होते, आम्ही बरखेड्यात राहायचो. वारा आमच्याकडे नव्हता म्हणून आम्ही वाचलो, एवढंच.

तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. ३ तारखेला सकाळी हमीदिया इस्पितळात आम्हा मुलींना बोलावलं. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, बाहेर गवतावर माणसं. मी एका बाईचे डोळे धूत होते आणि ती पदराला बांधलेल्या किल्ल्या मला देत होती, घर उघडं राहिलंय म्हणून सांगत होती. तिचं नाव विचारायचं राहिलं. दुपारी तिथे ती नव्हती.

मला राग कशाचा येतो सांगते. ओला फडका नाकातोंडावर धरला असता आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालले असते तर कितीतरी माणसं वाचली असती. हे कारखान्यातल्या लोकांना माहीत होतं. शेजारी जयप्रकाशनगरात राहणाऱ्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. कशाचा कारखाना आहे तेही नाही. "दवाई का कारखाना" म्हणायचे लोक, कारण कीटकनाशकही दवाईच. लोक पळाले ते वाऱ्याच्याच दिशेने, आणि धावताना श्वास जोरात घेतला जातो. आणि डॉक्टरांना कंपनीकडून सांगण्यात आलं की या वायूने डोळे चुरचुरतात, जीव जात नाही. हे सगळं नोंदलेलं आहे. एवढं विषारी द्रव्य साठवणाऱ्याने त्यावरचा उपचार काय हे गावातल्या इस्पितळाला आधी सांगून ठेवायला नको?

आणि कुणाला कल्पना नव्हती म्हणू नका. डिसेंबर १९८१ मध्ये तिथेच फॉसजीन या विषारी वायूने एक कामगार गेला. १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने त्रुटींची यादी करून दिली. राजकुमार केसवानी त्याच वर्षीपासून आपल्या 'रपट' साप्ताहिकात लिहीत होते की हे शहर धोक्यात आहे. जून १९८४ मध्ये त्यांनी 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. छोट्या पेपरचा तरुण पत्रकार, कोण ऐकतो.

दोन आठवड्यांनी उरलेलं एमआयसी वापरून संपवायचं ठरलं, त्याला 'ऑपरेशन फेथ' नाव दिलं. १६ डिसेंबरला सुरू होणार होतं. विश्वास ठेवा म्हणत होते, आणि सगळं शहर पेट्या घेऊन स्टँडवर आणि स्टेशनवर. आम्हीही त्यातच इंदूरला मावशीकडे आलो, रामबागेत. मावशीने दार उघडलं आणि आधी आमच्या डोळ्यांत बघितलं.

सुलभाताई, तुमच्या मुलाला माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोपात देते. त्याच्याशी बोलायला आवडेल.

---

धाररोड_उद्योग | ८ जुलै, दुपारी ३:१५

थोडी दुसरी बाजू मांडतो. पीथमपुरात माझं छोटं युनिट आहे, चाळीस माणसं. रसायनं वापरतो, बनवत नाही.

सगळ्यांना एका तराजूत तोलू नका एवढं म्हणणं आहे. पीथमपुरात हजारो घरं चालतात. इंदुरातल्या मिल बंद पडल्या तेव्हा काय अवस्था झाली हे सुलभाताईंच्या वयाच्या इंदूरकरांना सांगायला नको.

कचऱ्याबद्दलही. जाळायला विरोध करणाऱ्यांची भीती मी समजतो, यशवंतसागरचं पाणी इंदूर पितं. पण तो कचरा भोपाळच्या वस्तीला लागून चाळीस वर्षं पडून होता, पावसात भिजत होता. कुठे तरी त्याची विल्हेवाट लागायलाच हवी होती. २०१५ मध्ये दहा टन जाळून चाचणी झाली होती, यंदा फेब्रुवारीअखेरपासून दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, हायकोर्टाच्या देखरेखीखाली. उत्सर्जन मर्यादेत होतं असं सरकारचं म्हणणं आहे. राख अजून आपल्याकडेच आहे आणि ती पुरल्यावर तिच्यावर नजर ठेवावी लागेल, हे मान्य. पण "आमच्याकडे नको" म्हणत राहिलो तर शेवटी तो गरिबाच्याच दारात राहतो.

आता मुलाबद्दल. त्या कारखानदाराची बाजू मी घेणार नाही. ऑक्सिजन मीटर कुठल्याही कारखान्याला न परवडणारी गोष्ट नाही. दीड महिना बंद राहिला म्हणजे कुणी मागितलाच नाही, किंवा मागितला आणि खरेदीच्या फायलीत अडकला. मीही मालक आहे, मला माहीत आहे, तेवढ्याच किमतीचा पंप बंद पडला असता तर संध्याकाळपर्यंत नवा आला असता.

---

नंदेसरीची_पाळी | ८ जुलै, सायंकाळी ५:४०

@धाररोड_उद्योग, पंपाचं वाक्य अगदी खरं. पटलं.

कचऱ्याबद्दल एक सांगतो. हा कचरा आधी आमच्या गुजरातेत, अंकलेश्वरला यायचा होता, गुजरातने २००७ मध्ये नकार दिला. मग नागपूरजवळ नेण्याचा विचार झाला, महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ मध्ये जर्मनीला पाठवायचं ठरत होतं, तेही फिसकटलं. सगळे नाही म्हणत होते आणि ज्याचा कचरा तो या यादीत कुठेच नव्हता. कार्बाइडने भारतातला हिस्सा १९९४ मध्ये विकला, २००१ मध्ये अमेरिकेच्या डाऊ केमिकलने कार्बाइडच विकत घेतली, आणि डाऊचं म्हणणं आहे की भोपाळची जबाबदारी आमच्याकडे आलेली नाही. मालमत्ता आली, पेटंट आली, गिऱ्हाईक आली, जबाबदारी मात्र वाटेत गळली.

इटलीतल्या सेवेसोचं उदाहरण नेहमी डोळ्यापुढे येतं. १० जुलै १९७६, डायऑक्सिनचा ढग सुटला. कारखान्याची मूळ मालक स्वित्झर्लंडची हॉफमन-ला रोश. त्या रिअ‍ॅक्टरमधला कचरा ४१ पिंपांत भरून बाहेर पाठवला, तो मधेच गायब झाला, आणि १९८३ मध्ये फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात सापडला. केवढा गहजब झाला. शेवटी ती पिंपं रोशला आपल्या गावात, बासेलला न्यावी लागली आणि १९८५ मध्ये तिथे जाळली. रोश काही साधुसंत नव्हती, लोकांनी आणि सरकारांनी धरून ठेवलं म्हणून ते झालं. सेवेसोनंतर युरोपने १९८२ मध्ये कायदा केला, त्याचं नावच सेवेसो. एका गावाचं नाव कायद्याला लागलं.

४१ पिंपं मालकाच्या घरी परत गेली आणि आपले ३३७ टन बारा कंटेनरमधून पीथमपूरला आले.

---

मंदार_पुणे | ८ जुलै, रात्री ९:३०

मी सेफ्टीमध्ये आहे, पुण्याला. सुलभाकाकू, तुमच्या मुलाला सांगा, पुढच्या वेळी सही मागितली की तोंडी नाही म्हणू नकोस, परमिटवरच लिही: "मीटर उपलब्ध नाही, मोजमाप झालेलं नाही." मग त्या कागदावर दुसरं कुणी सही करायला धजावत नाही. आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेव.

डोंबिवली २०१६ आणि पुन्हा २०२४, विशाखापट्टणम २०२०. प्रत्येक वेळी आम्ही लोक चौकशी अहवाल वाचतो आणि प्रत्येक वेळी आधीच माहीत असलेली गोष्ट सापडते. विशाखापट्टणमला टाळेबंदीत स्टायरीन या रसायनाची टाकी थंड ठेवण्याकडे दुर्लक्ष झालं आणि ७ मेच्या पहाटे बारा माणसं गेली. पुन्हा टाकी, पुन्हा तापमान.

---

लष्कर_ग्वाल्हेर | ९ जुलै, सकाळी ८:१०

मी वकील आहे, ग्वाल्हेर खंडपीठात. कामगारांच्या केस चालवतो. सुलभाताईंच्या प्रश्नाला कायद्यात जवळपास शब्दशः उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आज, जुलै २०२५ मध्ये लागू असलेला कारखाने कायदा, १९४८, कलम ३६. टाकी, रिअ‍ॅक्टर, खड्डा अशा कोंडलेल्या जागेत माणूस उतरवायचा असेल तर आधी आतला वायू काढण्याचे सगळे शक्य उपाय करायचे, आणि सक्षम व्यक्तीने "स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे" जागा सुरक्षित असल्याचं लेखी प्रमाणपत्र द्यायचं. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा द्यायचा आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. "स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे" हे शब्द पुन्हा वाचा. न मोजता लिहिलेला आकडा म्हणजे खोटं प्रमाणपत्र. आणि काही वाईट घडलं तर पोलिसांच्या हातात पहिला कागद तोच येतो, ज्यावर तुमच्या मुलाची सही आहे आणि त्याच्या सरांची नाही.

दुसरं, कलम ४१-एच. हे १९८७ च्या दुरुस्तीत आलं, भोपाळनंतर. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो व्यवस्थापनाला कळवू शकतो आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि या कायद्यात 'कामगार' शब्दाची व्याख्या मोठी आहे, उत्पादनाच्या कामात असलेला ट्रेनी त्यात बसतो. त्याच दुरुस्तीने कंपनीचा 'ऑक्युपायर', म्हणजे कारखान्यासाठी कायद्याने जबाबदार माणूस, संचालकच असेल असं ठरलं, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. म्हणजे वरच्या माणसाला खालच्या मॅनेजरचं नाव पुढे करून सुटता येऊ नये.

कायदा असा आहे. आता न्याय कसा झाला तेही सांगतो, कारण मुलाने दोन्ही ओळखून पाऊल टाकावं.

४ डिसेंबर १९८५, भोपाळला वर्ष झालं त्याच सुमारास, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम या दाहक आम्लाच्या वायूची गळती झाली. त्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने तत्त्व सांगितलं: धोकादायक धंदा करून नफा मिळवता, तर नुकसानीची जबाबदारी पूर्णपणे तुमची, कुठलीही सबब चालणार नाही, आणि भरपाई कंपनीच्या ऐपतीप्रमाणे. जगातल्या फार थोड्या न्यायालयांनी इतकं स्पष्ट सांगितलंय.

आणि भोपाळला? सरकारने ३.३ अब्ज डॉलर मागितले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दोष कुणाचा, हे ठरवायच्या आधीच. बहुतेक जखमींच्या हाती आधी २५ हजार रुपये आले. फौजदारी खटल्यात १९९६ मध्ये आरोप कलम ३०४ भाग दोनवरून, म्हणजे सदोष मनुष्यवधावरून, ३०४-अ वर आणले गेले, म्हणजे निष्काळजीपणा, जास्तीत जास्त दोन वर्षं. निकाल ७ जून २०१० ला, सात जणांना दोन वर्षं आणि एक लाख दंड, आणि त्याच दिवशी जामीन. कार्बाइडचे अमेरिकेतले प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळमध्ये अटक होऊन त्याच दिवशी सुटले, पुन्हा कधी कोर्टापुढे आले नाहीत, २०१४ मध्ये अमेरिकेत वारले. भरपाई वाढवून मागणारी सुप्रीम कोर्टातली शेवटची, क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ ला फेटाळली गेली.

एवढ्या वर्षांत मी एक पाहिलं. तत्त्व वरच्या कोर्टात ठरतं, पण पुरावा खालच्या टेबलावर तयार होतो किंवा नाहीसा होतो. परमिट, लॉगबुक, पाळीची डायरी. मुलाचा २०.९ हा तसा पुरावा आहे, खोटा. आणि तो कंपनीच्या बाजूचा आहे, हे त्याला समजावून सांगा. उद्या कुणी मेलं तर कंपनी म्हणेल, आमच्याकडे पद्धत होती, नोंदही आहे.

---

बरखेडा_भोपाळ | ९ जुलै, सकाळी ९:०२

वकीलसाहेब, "कंपनीच्या बाजूचा पुरावा" हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

धाररोड_उद्योग | ९ जुलै, दुपारी १:३०

काल लिहायचं टाळलं, आज लिहितो. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे सांडपाण्याच्या टाकीत एक मुलगा उतरला आणि दोन मिनिटांत बसला. बाहेरचा माणूस आत उडी मारणार होता, फोरमनने त्याची कॉलर धरली. ब्लोअर लावला, दोर टाकला, मुलगा वाचला. परमिट नव्हतं. "छोटंसंच काम" म्हणून मीच सांगितलं होतं, उतर म्हणून. आज माझ्याकडे दोन मीटर आहेत, एक बिघडला तरी दुसरा असावा म्हणून.

पण ते मीटर त्या मुलासाठी आणले की माझ्यावर केस होईल या भीतीने, हे प्रामाणिकपणे विचारलंत तर सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

सुलभाताई, मुलाला तिथे त्रास झाला तर मला कळवा. केमिकल इंजिनिअरची माझ्याकडे जागा नाही, पण ओळखी आहेत.

---

सुलभा_इंदूर | १३ जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. तुमची सगळी उत्तरं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली, भोपाळच्या ताईंशी तो फोनवर तासभर बोलला.

काय झालं ते सांगते. शुक्रवारी परमिट पुढे आलं. त्याने मंदारने सांगितलं तसं लिहिलं, "मोजमाप झालेलं नाही". सरांनी कागद काढून घेतला, म्हणाले, तुला उत्पादन कळत नाही. दुसरं परमिट आलं, त्यावर दुसऱ्या मुलाने सही केली. माणसं उतरली आणि वर आली. काही झालं नाही. माझा मुलगा आता स्टोअरमध्ये आहे, रजिस्टर लिहितो.

घरी आला तो रडवेला. "आई, माझ्या नाही म्हणण्याने काय झालं? माणसं तर उतरलीच." मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला विचारलं, त्या दोघांची नावं काय? त्याला ठाऊक नव्हती. पाच महिने रोज दिसणारी माणसं, ठेकेदाराची म्हणून कंपनीच्या हजेरीत नाहीत. शनिवारी तो मुद्दाम गेला, त्यांच्याबरोबर चहा घेतला. एक धारकडचा, एक बिहारचा. दोघांना टाकीतल्या हवेबद्दल कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्याने सांगितलं. बिहारचा म्हणाला, पूछेंगे तो कल से नहीं बुलाएगा.

आज आम्ही दोघांनी बसून ४१-एच प्रमाणे अर्ज लिहिलाय. वकीलसाहेब, बघून द्याल का?

"महोदय, नम्र विनंती की, आमच्या विभागातील ऑक्सिजन मीटर मे महिन्यापासून बंद आहे. त्यामुळे रिअ‍ॅक्टरमध्ये उतरण्यापूर्वी हवेची तपासणी होत नाही. दि. ४ जुलै रोजीच्या परमिटवर मी लिहिलेला आकडा प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. यामुळे ठेकेदाराच्या कामगारांच्या जिवाला धोका आहे. कृपया मीटर उपलब्ध करून द्यावा."

तिसरं वाक्य ठेवू नकोस असं मी म्हटलं होतं, त्यात त्याचाच दोष दिसतो. तो म्हणाला, ते काढलं तर बाकीचं लिहायला मला तोंड नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर | १४ जुलै, सकाळी ७:३०

ताई, तिसरं वाक्य त्याच्यावर उलटू शकतं, हे वकील म्हणून सांगणं माझं काम आहे. ते ठेवायचं असेल तर पुढे जोडा: "वरिष्ठांच्या सूचनेवरून". खरं तेच आहे. बाकी "नम्र विनंती" काढा, "कलम ४१-एच अन्वये कळवत आहे" लिहा. "कृपया" काढा. ११ तारखेचं परमिटही नमूद करा. कलम ३६ चा उल्लेख करा. "मीटर मिळेपर्यंत कुणालाही आत उतरवू नये" हे वाक्य घाला, तेच खरं मागणं आहे. एक प्रत ऑक्युपायरला, एक मॅनेजरला, एक इंदूरच्या कारखाना निरीक्षकाला. तिन्हींची पोच घ्या. पोच दिली नाही तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्ट. हा अर्ज गेल्यावर त्याला काढलं तर माझ्याकडे या, फी नको.

---

सुलभा_इंदूर | १६ जुलै, रात्री ८:१५

निरीक्षकांच्या कार्यालयाची पोच मिळाली. कंपनीने घेतली नाही, पोस्टाने पाठवलंय. संध्याकाळी कुणीतरी स्टोअरमध्ये येऊन नवीन मीटरची खरेदी-मागणी त्याच्याकडूनच लिहून घेऊन गेलं.

---

नंदेसरीची_पाळी | १६ जुलै, रात्री ८:४०

मागणीत 'कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह', म्हणजे मीटर अचूक असल्याच्या दाखल्यासह, असं लिहिलंय का बघायला सांगा. नसेल तर उद्या सकाळीच घालून घ्या. आणि मीटर आला की आधी बाहेरच्या हवेत धरून बघायचा, २०.९ दाखवतो की नाही. तोवर टाकीचं झाकण बंद.